मांजरीचं बाळसं

गेल्या पावसाळ्याच्या उतरणीला मी माझ्या पत्नीला सांगितले, की मला जंत झाले आहेत. हे खरे नव्हते. जंत आमच्या घरातल्या मांजराच्या पिल्लाला झाले होते. इतके साधे वाक्य मला त्या संध्याकाळी उच्चारता आले नाही, आणि ते न उच्चारल्याबद्दल मी अजूनही स्वतःला जाब विचारीत असतो. उत्तर दर वेळी तेच येते. तरीही विचारतो.

पिल्लू हुपरीहून आले. पत्नीची थोरली बहीण तिथे राहते. आम्ही दोघेही तिला अक्का म्हणतो. अक्काच्या घरी पुढच्या खोलीत पैंजणांचे काम चालते. त्या खोलीतल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर एक मांजर व्याली. बाकीची पिल्ले कोणी ना कोणी नेली, एक उरले. अक्काने ते कापडी पिशवीत घालून एसटीने कोल्हापूरला आणले आणि आमच्या स्वयंपाकघरात सोडले. त्याच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्यात पैंजणाचे एक घुंगरू.

‘‘दोन बोटं जाईल एवढी जागा सोडलीया,’’ अक्का म्हणाली. ‘‘अंग धरंल तसा दोरा भरंल. आवळाय लागला की बदला.’’

माझ्या पत्नीने आजवर घरात तुळशीखेरीज कुंडीसुद्धा येऊ दिली नव्हती, आणि तुळसही केवळ खोकल्यासाठी. ‘‘रोज पाणी घालत कोण बसतंय,’’ असे तिचे म्हणणे असे. ती एका पतसंस्थेत काम करते. दिवसभर माणसांशी बोलून आल्यावर घरी कशाशीही बोलायची तिची इच्छा नसते. त्यामुळे पिल्लू परत हुपरीला जाईल, असे मी धरून चाललो होतो. त्याच संध्याकाळी तिने आपली जुनी शाल घडी करून फ्रीजमागच्या उबेत ठेवली. माझ्यासाठी ते पिल्लू होते. तिच्यासाठी ती पहिल्या दिवसापासून ‘ही’ होती.

शेजारी आबा राहतात. त्यांच्या परसात दोन म्हशी आहेत. आमच्या गावात दूध हे उत्तर असते. प्रश्न कोणता होता, हे नंतर विचारतात. आबांनी सकाळ-संध्याकाळ वाटीभर धारोष्ण दूध भिंतीवरून देण्यास सुरुवात केली आणि पिल्लू ते शेवटच्या थेंबापर्यंत पिऊ लागले. थोड्याच दिवसांत त्याचे पोट गोल झाले. मग अधिक गोल झाले. ते चालू लागले की पोट आधी निघे आणि पिल्लू मागून येई.

‘‘सर, नगारा झालाय की हिचा!’’ आबा भिंतीवरून म्हणाले. आबा जे काही बोलतात ते दुसऱ्या गल्लीलाही कळावे अशा बेताने बोलतात.

‘‘मग! बाळसं धरलंय तिनं,’’ पत्नी म्हणाली.

बाळसे हा शब्द मांजरासाठी नाही. तान्ह्या मुलाच्या मनगटाला वळी पडतात, गाल भरतात, मांड्या गुबगुबीत होतात, तेव्हा तो वापरतात. मी शाळेत मराठी शिकवतो. चुकीच्या जागी पडलेला शब्द उचलून ठेवणे हा माझा व्यवसाय आहे, आणि घरीही ती खोड सुटलेली नाही, अशी पत्नीची तक्रार आहे. तो शब्द मात्र मी होता तिथेच राहू दिला. आम्हाला मूल नाही. हे येथे एकदाच सांगतो, कारण पुढचे समजण्यासाठी ते लागते. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्या घरात तो शब्द त्यापूर्वी कोणी कोणाविषयी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

आमच्या शाळेत मुलांना वर्षातून दोनदा जंतांच्या गोळ्या देतात. गोळ्या देण्याआधी दोन शब्द सांगण्याचे काम कैक वर्षे माझ्याकडे आहे. माझा आवाज इतका हळू आहे, की ऐकण्यासाठी मुलांना गप्प बसावेच लागते, असे मुख्याध्यापकांचे निरीक्षण आहे. त्या वर्षीही मी पटांगणाच्या कडेला उभा राहून तोंडपाठ झालेले बोललो. ज्याला जंत होतात त्याचे पोट पुढे येते, पण हातापायांच्या काड्या होतात. तो खातो भरपूर, पण अंगाला लागत नाही. कारण तो जे खातो, ते आत बसलेले दुसरेच कोणीतरी खात असते.

शेवटचे वाक्य माझे स्वतःचे आहे. दर वर्षी त्यावर मुले हसतात. त्या दिवशीही हसली. मी मात्र पुढचे विसरलो आणि ‘‘गोळी चावून खा,’’ एवढेच म्हणून खाली बसलो.

घरी गेलो तेव्हा पिल्लू शालीवर झोपले होते. मी त्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात बोट घातले. अक्काने दोन बोटांची जागा सोडली होती. दोन गेली. तिसरेही गेले, आणि त्याला कोणी अडवले नाही. पाठीवरून हात फिरवला तर भुईमुगाच्या शेंगेवरून फिरवावा तसे मणके लागले. केस रुक्ष आणि उभे राहिलेले होते. बाळसे सगळ्या अंगावर येते. हे केवळ पोटावर आले होते. इतके दिवस आम्ही तिघे ज्याचे कौतुक करीत होतो ते पिल्लू नव्हतेच, त्याचे भाडेकरू होते.

आतल्या खोलीतून पत्नीचा आवाज येत होता. ती अक्काशी फोनवर बोलत होती. ‘‘अगं अक्का, तू बघितलीस तर ओळखायची न्हाईस. असं बाळसं धरलंय की बास!’’ आणि ती हसली. तिचे ते हसणे मी बऱ्याच काळाने ऐकत होतो. मी दोऱ्यातून बोट काढून घेतले.

सांगायला हवे होते. जंत झालेल्या पिल्लाला वेळेवर औषध मिळाले नाही तर ते मरू शकते, हे मला ठाऊक होते. तरीही मी असा विचार केला, की औषधही व्हावे आणि शब्दही राहावा. हात धुऊन मी परसातल्या भिंतीपाशी गेलो.

‘‘आबा,’’ मी शक्य तितक्या हळू विचारले, ‘‘पूर्वी लहान पोटात जंत झाले तर काय द्यायचे?’’

‘‘वावडिंग!’’ आबांनी गोठ्यातून जाहीर केले. ‘‘वावडिंगाचा काढा द्या की! आमच्या चारी पोरांस्नी त्योच पाजला. कुणाला झाल्यात जंत?’’

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ‘‘कुणाला झाल्यात?’’ पत्नीनेही विचारले.

दोघे माझ्याकडे पाहत होते. समोरच्या घरात स्कूटर पुसणारा मनुष्यही थांबला होता.

‘‘मला,’’ मी म्हणालो.

‘‘कशावरनं?’’

‘‘झोपेत दात खातो, असे वाटते.’’

‘‘मी शेजारीच असतीया की. दात न्हाई खात तुम्ही. घोरता.’’

‘‘दोन्ही करीत असेन,’’ मी म्हणालो.

पत्नीने त्यावर वाद घातला नाही. शाळेत गोळ्या वाटताना स्वतः एक का घेतली नाही, एवढे मात्र तिने विचारले. त्या मुलांसाठी असतात, असे मी सांगितले. मग तिने माझ्या चहातली साखर बंद केली, वावडिंग मागवले, कुटले, उकळले आणि काढ्याचा पेला माझ्यापुढे ठेवून मी तो पिईपर्यंत समोर बसून राहिली. काढा तिखट आणि तुरट होता. खोटे बोलणाऱ्याला जे मिळावे तेच मला मिळाले होते, म्हणून तक्रार केली नाही. तळाशी थोडा ठेवला. ती भाजी आणायला गेल्यावर तो चमच्यात घेऊन मी पिल्लाच्या तोंडात घातला.

पिल्लाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या तोंडाला फेस आला. डोके झटकत ते शिलाई मशीनच्या मागे गेले आणि संध्याकाळच्या दुधालाही बाहेर आले नाही. ‘‘आज काय झालंय हिला?’’ पत्नीने दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी ‘‘हवा बदलली आहे,’’ असे म्हणालो. त्या हवेवर त्या दिवशी माझा फार भार पडला.

सकाळी पत्नीनेच हाक मारली.

‘‘अहो, हिला शेवया कुणी घातल्या?’’

शिलाई मशीनपाशी पिल्लू ओकले होते. फुटलेल्या दुधात पांढऱ्या शेवयांचा एक गुंता पडला होता.

‘‘आपल्या घरात शेवया नाहीत,’’ मी म्हणालो.

‘‘मग ह्या काय हायत?’’

मी वाकून पाहिले. ‘‘त्या हालत आहेत.’’

पत्नीही वाकली. आम्ही दोघे बराच वेळ तसेच वाकून राहिलो. मग तिने मान वर करून आधी ओट्यावरच्या काढ्याच्या पेल्याकडे पाहिले आणि नंतर माझ्याकडे.

‘‘जंत कुणाला झाल्यात?’’

‘‘हिला,’’ मी म्हणालो. पिल्लाला मी ‘ही’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

तिने पिल्लाला उचलले तर त्याने मानही वर केली नाही. कान गार लागत होते. शालीत गुंडाळून आम्ही रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. निघताना तिने त्या शेवया एका प्लास्टिकच्या डबीत भरून घेतल्या. मला ते सुचले नसते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी डबी उघडली, मिटली, पिल्लाच्या हिरड्या पाहिल्या, त्या पांढरट असल्याचे आम्हाला दाखवले आणि पोट चाचपले.

‘‘पोट सोडलं तर हिच्यात काहीच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खायला काय देता?’’

‘‘दूध,’’ पत्नी म्हणाली. ‘‘म्हशीचं. चांगलं असतंय.’’

‘‘रेडकाला चांगलं असतंय. हिला त्यानं जुलाब होणार. आणि बाकी काय दिलंत?’’

‘‘वावडिंगाचा काढा,’’ मी म्हणालो. ‘‘पेल्याच्या तळाला होता तेवढा.’’

‘‘ओकली ते बरं झालं. माणसांची गोळी नाही ना दिली?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. शाळेतली अर्धी तुटलेली गोळी आदल्या दिवशी माझ्या खिशात होती आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत मी ती चाचपत आलो होतो, हे मी तिथे सांगितले नाही. येथे सांगतो.

त्यांनी पिल्लाला काट्यावर ठेवले, वजनाच्या हिशेबाने पातळ औषध सिरिंजमध्ये घेतले आणि ओठांच्या कोपऱ्यातून थेंबाथेंबाने सोडले. पिल्लू अशक्त आहे, जंत फार आहेत, ते एकदम मेले तर आतडे तुंबू शकते. आजचा दिवस जपायचा, पंधरवड्याने पुन्हा औषध द्यायचे, कारण आत्ता जे बारीक आहेत ते तोवर मोठे होतील. घाण लगेच काढायची, हात साबणाने धुवायचे. त्या हे सर्व एका दमात बोलल्या.

‘‘पण हिला हे लागले कुठनं?’’ पत्नीने विचारले. ‘‘मी तर घराबाहेर सोडली न्हाई.’’

‘‘आईच्या दुधातनं येतात बऱ्याचदा.’’

‘‘आईच्या?’’

‘‘तिला तरी कुठं ठाऊक असतं?’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘आणि हा गळ्यातला दोरा काढा. खिडकीला अडकली तर फास बसेल. तुम्ही दोघांनीही जंताचं औषध घेऊन टाका.’’

‘‘ह्यांनी घेतलंय,’’ पत्नी म्हणाली.

थोडा वेळ बाहेर थांबा, पुन्हा ओकली तर आत आणा, असे त्यांनी सांगितले. बाहेरच्या बाकावर गडमुडशिंगीचा एक शेतकरी शेळी घेऊन बसला होता. त्याने शालीत डोकावून पाहिले.

‘‘काय झालंय मांजराला, पावणं?’’

‘‘जंत,’’ पत्नी म्हणाली.

‘‘आन् पावण्यांचं तोंड का असं?’’

‘‘त्यांस्नी बी तेच.’’

शेतकऱ्याने शेळी माझ्यापासून थोडी दूर ओढून घेतली. मग त्याचा नंबर आला आणि तो आत गेला. बाकावर आम्ही दोघेच उरलो.

‘‘कधीपासनं म्हाईत होतं?’’ पत्नीने विचारले. ती पिल्लाकडेच पाहत होती.

‘‘काल दुपारपासून.’’

‘‘मग सांगितलं का न्हाई?’’

मी उत्तर जुळवू लागलो. वाक्य नीट बांधल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि तिला तेवढा वेळ थांबणे कधीच जमलेले नाही.

‘‘मी सांगू?’’ ती म्हणाली. ‘‘मी बाळसं म्हणत होते, म्हणून. आयुष्यात एकदा बाई बाळसं म्हणतीया, तर म्हणू दे. असंच ना?’’

मी मान हलवली.

‘‘मला काय दुधखुळी समजता? मांजर हाय, एवढं कळतंय मला. कीव नको मला. मांजर पाहिजे.’’

तिने हे आवाज न चढवता सांगितले. कोल्हापुरात माणूस आवाज न चढवता बोलला, तर ऐकणाऱ्याने नीट बसून ऐकावे. मी नीट बसलो. इतकी वर्षे मी ज्याला हळुवारपणा समजत आलो, त्यात भित्रेपणा किती होता आणि हळुवारपणा किती, याचा विचार मी त्या बाकावर प्रथम केला. ‘‘चुकलो,’’ मी म्हणालो.

‘‘जिवावर बेतलं असतं हिच्या.’’

‘‘हो.’’

‘‘आणि चार चमचे वावडिंग वाया गेलं.’’

दुपारी घरी पिल्लाने त्याच्यासाठी माती भरून ठेवलेल्या घमेल्यात जाऊन जे काही केले, त्यात भाडेकरू निघू लागले. काही मेलेले, काही अजून वळवळणारे. ते काढण्याचे काम पत्नीने मला दिले आणि मी ते विनातक्रार स्वीकारले. आमच्या घरी दर रविवारी बुद्धवंदना होते. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे शील मी लहानपणापासून म्हणत आलो आहे. हातात जुनी पळी घेऊन त्या घमेल्यावर उभा असताना मला ते आठवले, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी ते बोलून दाखवले.

‘‘एवढा जीव तुटतोय, तर ठेवून घ्या की त्यांस्नी,’’ पत्नी म्हणाली. ‘‘तुम्हाला होतेच की जंत. चार आणखी.’’

मी खड्डा खोल खणला, ते पुरले आणि हात साबणाने दोनदा धुतले.

संध्याकाळपर्यंत पोट बसले. नगारा गेल्यावर जे उरले ते फार थोडे होते: डोके, कान, मणके आणि शेपूट. पत्नीने त्याला ओंजळीत घेतले. ओंजळ भरली नाही.

‘‘एवढीशीच होतीस व्हय गं तू,’’ ती त्याला म्हणाली. दिवेलागणीला तिने उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटाच्या टोकावर घेऊन त्याच्या नाकापाशी धरला. त्याने तोंड फिरवले. तिने बोट काढले नाही. भाजी फोडणीला टाकायची राहिली, पतसंस्थेतून आलेला फोन वाजून थांबला, आणि ती तशीच फरशीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने पिल्लाने जीभ बाहेर काढून तो बलक एकदा चाटला. मग पुन्हा चाटला.

‘‘भाजी तुम्ही टाका,’’ पत्नी मागे न पाहता म्हणाली. मी टाकली. खारट झाली; आम्ही दोघांनी ती खाल्ली.

दूध बंद केल्याचे आबांना सांगायचे काम माझ्याकडेच आले. म्हशीच्या दुधाने मांजराला जुलाब होतात, हे त्यांना पटले नाही. ‘‘डॉक्टर कुठल्या गावची?’’ एवढेच त्यांनी विचारले आणि काही दिवस ते माझ्याशी केवळ नेहमीच्या माणसाच्या आवाजात बोलत होते, यावरून त्यांना किती लागले ते मी ओळखले.

गळ्यातला काढलेला काळा दोरा पत्नीने टाकला नाही. कपाटाच्या किल्ल्यांबरोबर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला. रविवारी वंदना झाली की ती तो काढी, पिल्लाच्या गळ्याभोवती धरी, अक्काने मारलेल्या गाठीच्या खुणेशी टोके जुळवी आणि आत बोटे घालून पाही. सुरुवातीला तीन बोटे जात. पंधरवड्याने दुसरे औषध झाले. या वेळी घमेल्यात थोडेच काही निघाले. त्यानंतरच्या रविवारी दोन बोटे गेली. केस अंगासरशी बसले. पिल्लू आता पडद्यावर चढू लागले होते आणि माझ्या तपासायच्या वह्यांवर झोपू लागले होते. त्या सर्व काळात पत्नीने तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. मी तो ऐकण्याची वाट पाहत असे आणि वाट पाहतो आहे हे तिला कळू नये, अशी काळजी घेत असे. म्हणजे माझी खोड पुरती गेली नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी तिने दोरा गळ्याभोवती धरला आणि पुन्हा धरला. मग मला हाक मारली.

‘‘जरा हिला धरा. हलतीया.’’

मी धरली. पत्नीने दोन्ही टोके ओढली. खुणेशी खूण येईना. मध्ये बोटभर अंतर राहिले. बोटे आत घालायचा प्रश्नच उरला नव्हता. मी पाठीवरून हात फिरवला. मणके लागले नाहीत. पोट पोटाएवढेच होते.

तिने अक्काला फोन लावला. ‘‘अक्का, दोरा पुरेना गं,’’ एवढेच ती म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडून अक्का विचारीत होती, ‘‘म्हंजी काय, दाजी? काय झालं?’’ मागे पैंजणांवर हातोडी पडत होती. तिला काही ऐकू जात नसावे. म्हणून मी आवाज चढवला. मला सवय नसल्याने तो जरा जास्तच चढला.

‘‘बाळसं धरलंय हिनं!’’ मी म्हणालो.

‘‘दुधाबिगार?’’ आबांनी भिंतीपलीकडून विचारले.

पत्नीने दोरा खिळ्याला अडकवला नाही. बोटाभोवती गुंडाळून त्याचे वेटोळे केले आणि ते घुंगरासकट आपल्या बांगड्यांच्या डब्यात ठेवले. मग माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

‘‘उद्या डॉक्टरीणबाईंकडं न्यायची हाय हिला. त्यांना दाखवू, जंत गेलेत का बघू,’’ ती म्हणाली. ‘‘तवर शब्द जरा जपून वापरा.’’